बझर आधी कुणाचा वाजतो?

क्विझची नोटीस लागली की आपल्या हॉस्टेलमध्ये दोन प्रकारची माणसं दिसतात. एक, "टीममध्ये कोण कोण?" असं लगेच विचारणारी. आणि दुसरी, "ते कॉन्व्हेंटवाल्यांचं काम आहे बाबा" म्हणून मेसच्या लाइनीत पुढे सरकणारी. मी स्वतः कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे या दुसऱ्या वाक्यावर बोलायचा मला थोडा जास्त हक्क आहे असं मी धरून चालते. दोन वर्षं क्विझमध्ये बसून, आणि हॉस्टेलात चार-पाच क्विझ स्वतः घेऊन, माझं मत असं झालंय की तिथे जनरल नॉलेज चालतं हे खरंच, पण त्याच्याबरोबर नियम, खुर्ची आणि भाषा हेही चालतं. आणि गंमत म्हणजे या गोष्टी बऱ्याच अंशी मोजता येतात. आपण इंजिनिअरिंगवाले. जे मोजता येतं ते मोजून बघावं! युवक महोत्सवाला तिघांची टीम पाठवायची असते, ती दरवेळी घाईघाईत "ज्याला जास्त मार्क तो" या हिशेबाने ठरते, आणि माझ्या मते हा हिशेबच चुकीचा आहे. कसा, ते पुढे येईलच.

आधी थोडा इतिहास, पण थोडाच. टीम करून बझर दाबायची ही पद्धत अमेरिकेत डॉन रीड यांनी काढलेल्या 'कॉलेज बोल' या कार्यक्रमातून रूढ झाली. १९५३ मध्ये तो रेडिओवर आला. त्यावरून १९६२ मध्ये ब्रिटनमध्ये 'युनिव्हर्सिटी चॅलेंज' सुरू झालं. आपल्याकडे १९६७ मध्ये कोलकात्यात नील ओब्रायन यांनी घेतलेली क्विझ ही भारतातली पहिली जाहीर क्विझ मानली जाते. १९७२ मध्ये रेडिओवर 'बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट' आली, १९८५ मध्ये दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचं 'क्विझ टाइम' आलं. आपल्या आईबाबांच्या पिढीला विचारून बघा, रविवारचं आठवतं तसं हेही आठवतं. पुढे 'युनिव्हर्सिटी चॅलेंज'ची भारतीय आवृत्ती बीबीसी वर्ल्डवर आली आणि २००३-०४ च्या तिच्या पहिल्या पर्वात कोण जिंकलं माहितीये? मुंबईचं सरदार पटेल कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग. म्हणजे इंजिनिअरिंगच्या पोरांना सर्किटच्या पलीकडे काही कळत नाही असं म्हणणाऱ्या आर्ट्सवाल्या भावंडांना दाखवायला एक पुरावा आहे आपल्याकडे. अगदी अलीकडचं म्हणजे २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने आपल्या नव्वदाव्या वर्षानिमित्त पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी क्विझ घेतली. दोघांची टीम, आधी ऑनलाइन, मग राज्य, मग विभाग, मग देश. पहिलं बक्षीस दहा लाख रुपये! आपल्या चार सेमिस्टरच्या मेसबिलाला भागाकार करून बघा.

असो. आता मुद्द्याचं.

खुर्चीचा हिशेब

आपल्याकडच्या बहुतेक कॉलेजांत 'डायरेक्ट आणि पास' अशी पद्धत असते. पहिला प्रश्न अ टीमला, दुसरा ब टीमला, तिसरा क ला. ज्याचा प्रश्न त्याला नाही आला तर तो शेजारच्याकडे पास. डायरेक्टला दहा मार्क, पासला पाच. ऐकायला एकदम न्याय्य वाटतं, कारण प्रत्येकाला डायरेक्ट प्रश्न सारखेच मिळतात. पण पास सारखे मिळतात का?

समजा स्टेजवर सहा टीम बसल्यात : अ, ब, क, ड, इ, फ. पाच टीम अगदी सारख्या हुशार, कोणताही प्रश्न येण्याची शक्यता ०.४. फक्त क टीम बिचारी हजेरीपुरती आलीय, तिला काहीच येत नाही. (अशी एक टीम प्रत्येक क्विझमध्ये असते. तिला हसू नका, प्रेक्षकांत बसण्यापेक्षा ते बरं.) आता क च्या लगेच पुढे बसलेल्या ड चं बघा. ड वर सुरू झालेला प्रश्न ड ला येण्याची शक्यता ०.४. क वर सुरू झालेला प्रश्न तर ड कडे येणारच, म्हणून पुन्हा पूर्ण ०.४. ब वर सुरू झालेला ०.६ गुणिले ०.४ म्हणजे ०.२४. मग अ वरचा ०.१४४, फ वरचा ०.०८६, इ वरचा ०.०५२. बेरीज साधारण १.३२. म्हणजे सहा प्रश्नांच्या एका फेरीत ड सरासरी १.३२ उत्तरं देणार.

तसाच हिशेब क च्या अलीकडे बसलेल्या ब चा केला तर बेरीज येते ०.९७. पाच फेऱ्या धरून, डायरेक्टला दहा आणि पासला पाच लावून, ड चे होतात सुमारे ४३ मार्क आणि ब चे ३४. दोघीही तितक्याच हुशार! नऊ मार्कांचा फरक निव्वळ चिठ्ठी काढून मिळालेल्या खुर्चीचा. आणि आपल्याकडच्या फायनल पाच मार्कांनीसुद्धा सुटतात.

याला उपाय सापडलेला आहे आणि मोठ्या शहरांतल्या क्विझमध्ये तो सर्रास वापरतात. 'इन्फिनिट बाउन्स' म्हणतात त्याला. मी त्याला 'फिरता प्रश्न' म्हणते. नियम एका ओळीचा : ज्या टीमने उत्तर दिलं, तिच्या पुढच्या टीमला पुढचा प्रश्न. पहिला प्रश्न अ ला विचारला, अ आणि ब ला नाही आला, क ने सांगितला, तर दुसरा प्रश्न ब ला नाही, ड ला. प्रश्न पूर्ण फेरा मारून कुणालाच आला नाही तर पुढचा प्रश्न पुन्हा पहिल्या टीमकडे. डायरेक्टला आणि पासला सारखेच मार्क, उगाच पाच-दहा भेदभाव नाही.

पहिल्यांदा हा नियम ऐकला की सगळ्यांना वाटतं, यात तर काही टीमला डायरेक्ट प्रश्न कमी मिळतील! मिळतील की. पण नीट बघा, माइक कसा फिरतोय. अ ने उत्तर दिलं, तर नवा प्रश्न ब कडे. अ ने नाही दिलं, तर तोच प्रश्न ब कडे. काहीही झालं तरी अ नंतर ब, ब नंतर क, क नंतर ड. म्हणजे माइक कायम एकेक घर पुढे सरकतो आणि प्रत्येक टीमला बोलायची संधी अगदी सारख्या वेळा मिळते. फार तर एकाचा फरक. शेजारी कोण बसलंय याचा संधीच्या संख्येशी संबंधच उरत नाही. डायरेक्ट-पासमध्ये हाच आकडा एका फेरीत ड साठी ३.३ आणि ब साठी २.४ येतो, मी करून बघितलाय. मला तर हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा थर्मोच्या लेक्चरमध्ये वहीच्या मागच्या पानावर सहा टीमची गोल चित्रं काढत बसले होते.

अगदी शंभर टक्के न्याय यातही नाही. हुशार टीमच्या पुढे बसलात तर त्यांना न आलेले, म्हणजे अवघडच प्रश्न तुमच्याकडे पास होऊन येतात. म्हणून अर्धे प्रश्न घड्याळाच्या दिशेने आणि अर्धे उलट्या दिशेने फिरवतात. म्हणजे तोच शेजारी आधी डावीकडून नडतो, मग उजवीकडचा नडतो.

पाउन्स : कधी उडी मारायची

फिरत्या प्रश्नाबरोबर हल्ली 'पाउन्स' असतो. प्रश्न दुसऱ्या टीमचा असला तरी तुम्हाला उत्तर येत असेल तर कागदावर लिहून क्विझमास्तरला द्यायचं. बरोबर असेल तर अधिक दहा, चूक असेल तर उणे दहा. थांबलात आणि प्रश्न फिरत तुमच्याकडे आला, तर चुकीला काही शिक्षा नाही.

मग उडी कधी मारायची? "खात्री असेल तेव्हा" हे उत्तर झालं घरातल्या मोठ्यांचं. आपण ख म्हणजे आपल्या उत्तराची खात्री, आणि र म्हणजे प्रश्न फिरत आपल्यापर्यंत राहण्याची शक्यता, असं धरू. उडी मारली तर सरासरी मिळकत २०ख − १०. थांबलात तर १०खर. दोन्हींची तुलना केली की निघतं, ख जर १/(२ − र) पेक्षा जास्त असेल तर उडी मारा. प्रश्न लगेच शेजारच्या टीमचा असेल आणि ती टीम वरच्यासारखी ०.४ वाली असेल तर र होतो ०.६, आणि खात्री ७१ टक्क्यांच्या वर पाहिजे. तुम्ही सगळ्यात शेवटी असाल तर र म्हणजे ०.६ चा पाचवा घात, जेमतेम ०.०८. मग ५२ टक्के खात्रीही पुरते. म्हणजे 'फिफ्टी-फिफ्टी वाटतंय' असलं उत्तर शेजारच्या प्रश्नावर मुळीच द्यायचं नाही आणि लांबच्या प्रश्नावर जवळजवळ द्यायला हरकत नाही. टीममध्ये एकाने हे एवढंच काम करावं : आपण या प्रश्नाला कितव्या नंबरवर आहोत ते बोटावर मोजत राहायचं.

बझरवरची भांडणं

बझर राउंड म्हटलं की भांडण आलंच. "मी आधी दाबलं होतं, लाइट तिचा लागला." इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांनी बनवलेला बझर असला की "पहिल्या टीमला झुकतं माप" असा आरोपही होतो. यात तथ्य किती ते बघू या.

जुन्या पद्धतीचा बझर ७४एलएस३७३ या लॅच आयसीवर बनवतात. आठ इनपुट, प्रत्येकाला एक बटण. कुणीही दाबलं की त्याची आउटपुट लाइन खाली जाते, सगळ्या आउटपुट एका आठ-इनपुट नँड गेटमध्ये जातात, तिथून एक इन्व्हर्टर, आणि तो आयसीची एनेबल पिन बंद करतो. झालं, बाकीची सगळी बटणं मेली. हा सगळा प्रवास पन्नासेक नॅनोसेकंदांत होतो. माणसाचा बोट दाबायचा वेळ साधारण २०० मिलिसेकंद धरला तर तो याच्या चाळीस लाख पट आहे. ८०५१ वर बनवलेल्या बझरमध्ये प्रोग्रॅम एकेक पिन क्रमाने तपासतो, तिथे खरंच पहिल्या टीमला झुकतं माप असतं. किती? बारा मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर एक पिन तपासायला दोन मायक्रोसेकंद. सहा टीमचा फेरा झाला बारा-चौदा मायक्रोसेकंदांचा. तेव्हा आरोप गणिताने खरा आणि व्यवहाराने फालतू आहे.

पण याच हॉलमध्ये दुसरी एक गोष्ट आहे जिच्यावर कुणी भांडत नाही. आवाज. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. क्विझमास्तर एका कोपऱ्यात, त्याच्याजवळ एकच स्पीकर, आणि सहावी टीम पहिल्या टीमपेक्षा सात मीटर लांब बसलेली असेल तर तिला प्रत्येक शब्द वीस मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. बझरच्या सर्किटपेक्षा हा फरक हजार पटींनी मोठा. तरी आपण भांडतो कुणाशी, तर सोल्डरिंग करणाऱ्या बिचाऱ्याशी! टेबलं अर्धगोलात लावा आणि स्पीकर मधोमध ठेवा, एवढंच करायचंय. मोबाइलवरची बझर ॲप मात्र मला स्वतःला आवडत नाहीत, तिथे सगळं नेटवर्कच्या मर्जीवर असतं आणि आपल्या सेमिनार हॉलमधली रेंज सगळ्यांना माहीतच आहे.

वीस मिलिसेकंदांपेक्षा मोठी गोष्ट

आता जिच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला ती गोष्ट. प्रश्न कानावर पडला म्हणजे कळला असं नसतं. दुसऱ्या भाषेत असेल तर मनात एक फेरा जास्त होतो, आणि तो मिलिसेकंदांत होत नाही, सरळ सेकंदांत होतो.

अमेरिकेतल्या 'क्विझ बोल' स्पर्धांत प्रश्न पिरॅमिडसारखे लिहितात. सुरुवातीला सगळ्यात अवघड धागा, मग त्याहून सोपा, शेवटी अगदी सगळ्यांना येईल असा. मध्येच बझर दाबून बरोबर सांगितलं तर पंधरा मार्क, नंतर सांगितलं तर दहा, प्रश्न संपायच्या आत दाबून चुकलात तर उणे पाच. बरोबर सांगणाऱ्या टीमला मग दहा-दहा मार्कांचे तीन बोनस प्रश्न. या पद्धतीत ज्याला विषय खोलवर माहीत आहे तो आधी दाबतो, म्हणून मला ती सगळ्यात प्रामाणिक वाटते. असा एक प्रश्न मी आपल्याच जिल्ह्यावर करून बघितला :

"या गावाच्या लढाईची आठवण म्हणून मद्रास रेजिमेंटच्या चिन्हावर हत्ती आहे. या लढाईत शिंद्यांच्या कवायती पायदळाचं नेतृत्व पोलमन या जर्मन अधिकाऱ्याकडे होतं. केळना आणि जुई या नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात ती झाली. तारीख २३ सप्टेंबर १८०३. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, त्याने वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं, पण आपली सर्वांत चांगली लढाई म्हणून त्याने या गावाचं नाव घेतलं. जालना जिल्ह्यातलं हे गाव कोणतं?"

उत्तर, असई. मी आणि माझी रूममेट दोघींनाही हा प्रश्न येतो, पण आम्ही एकाच जागी बझर दाबत नाही. ती भोकरदन तालुक्यातली, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली. ती केळना-जुई म्हणताक्षणी दाबणार, कारण तिला त्या नद्या माहीत आहेत, पावसाळ्यात कुठला रस्ता बंद होतो तेही माहीत आहे. मला केळना सांगून काही उपयोग नाही. मी वेलिंग्टन आणि वॉटर्लूची वाट बघणार, कारण ते माझ्या शाळेच्या पुस्तकात होतं. म्हणजे मराठीत विचारलं तर पंधरा मार्क तिचे. हाच प्रश्न इंग्रजीत विचारला, नद्यांची नावं इंग्रजांच्या पुस्तकातल्यासारखी 'कैलना' आणि 'जुआ' अशी वाचली आणि गाव 'असाये' झालं, की तिला आपल्याच शेजारचं गाव ओळखायला वेळ लागतो आणि मार्क माझे. ज्ञान तिचंच जास्त होतं! माझ्याकडे फक्त उच्चार होता.

हे एका प्रश्नापुरतं नाही. भोकरदनचंच घ्या. जुन्या भोगवर्धनच्या जागी १९७० च्या दशकात उत्खनन झालं तेव्हा हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली, तिचं इटलीतल्या पॉम्पेईला सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी साम्य आहे. कॉन्व्हेंटमध्ये मी पॉम्पेई शिकले, ज्वालामुखीसकट. भोगवर्धन नाही शिकले. जालन्याच्या बियाण्यांच्या धंद्याबद्दल आपल्यातल्या शेतकऱ्यांच्या मुलांना विचारा, वाणाचं नाव, पीक, हंगाम सगळं तोंडपाठ. पण '१९९८ चा वर्ल्ड फूड प्राइझ कुणाला' असं इंग्रजीत विचारलं की तेच गप्प. उत्तर आहे महिकोचे बद्रीनारायण बारवाले, कंपनी १९६४ ची, आपल्या जालन्याची. माहिती डोक्यात आहे, फक्त प्रश्न ज्या दारातून आत येतोय ते दार वेगळं आहे.

केबीसीचं उदाहरण देते, ते टीमचं नसलं तरी. २००० साली तो कार्यक्रम हिंदीत आला. पहिला करोडपती मुंबईचा हर्षवर्धन नवाथे, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा. आणि २०१९ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे एक कोटी जिंकल्या. त्या शाळेत मुलांची खिचडी शिजवायच्या. हाच कार्यक्रम इंग्रजीत असता तर त्या हॉट सीटपर्यंत पोचल्या असत्या का, हा प्रश्न मी आमच्या रूममध्ये टाकला आणि त्यावर रात्री दीडपर्यंत वाद झाला. माझं उत्तर 'नाही' असंच आहे.

इंग्रजी सोडा असं मी म्हणत नाहीये, गैरसमज नको. बाहेरच्या मोठ्या स्पर्धा इंग्रजीत असतात, त्यांची सवय पाहिजेच. पण टीम निवडताना आपल्याला कुणाला काय माहीत आहे ते शोधायचंय, कुणाला इंग्रजी पटकन कळतं ते नाही. इंग्रजी वाक्य पटकन समजावून सांगायला टीममध्ये एक माणूस पुरतो. तो माणूस मी होईन, मला काही कमीपणा नाही.

टीम : बेरीज नाही, युनियन

अकरावीत सेट थिअरी शिकलो होतो, आठवते? समजा चाळणीला पंचवीस प्रश्न होते. एकीला १४ आले, दुसरीला १३, तिसऱ्या मुलाला ९. जागा दोनच असत्या तर आपण काय करतो? १४ आणि १३ वाल्या. पण पेपर शेजारी-शेजारी ठेवून बघा. पहिल्या दोघी एकाच प्रकारच्या शाळेतल्या, एकच मासिकं वाचणाऱ्या, त्यांचे ११ प्रश्न सारखेच. दोघींचे मिळून होतात १४ + १३ − ११ = १६. आणि ९ वाल्या मुलाचे पहिलीशी फक्त ३ सारखे. त्या दोघांचे मिळून १४ + ९ − ३ = २०. कमी मार्कवाला घेतल्यावर टीमला चार प्रश्न जास्त येतात!

तिघांच्या टीमला हे आणखी लागू आहे. प्रत्येकाला प्रश्न येण्याची शक्यता ०.४ आणि तिघांची माहिती एकमेकांपासून अगदी स्वतंत्र असेल तर टीमला प्रश्न येण्याची शक्यता १ वजा ०.६ चा घन, म्हणजे ०.७८. तिघांना अगदी तेच तेच माहीत असेल तर ती ०.४ च राहते, खुर्च्या तीन अडल्या इतकंच. खऱ्या टीम या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात. म्हणून निवड करताना मार्कांची यादी लावू नये, उत्तरपत्रिका एकमेकींवर ठेवाव्यात. एका एक्सेल शीटचं काम आहे. ओळीत मुलं, रकान्यात प्रश्न, बरोबर असेल तर १. मग तिघा-तिघांचे गट करून कोणत्या गटाचे सगळ्यात जास्त रकाने भरतात ते बघायचं. पंधरा मुलं असतील तर असे गट होतात ४५५. कॉम्प्युटरच्या कुणालाही दहा मिनिटांत लिहिता येईल असा प्रोग्रॅम आहे, आणि लिहिला तर त्याला सबमिशनसारखं कुणी कॉपी करू नये.

प्रश्न काढणाऱ्यांसाठी दोन शब्द

प्रश्न काढणं हे उत्तर देण्यापेक्षा अवघड आहे हे मी स्वानुभवाने सांगते. "जालना जिल्हा कधी झाला?" हा वाईट प्रश्न. तारीख येते किंवा येत नाही, विचार करायला जागाच नाही. आता असं विचारा : "महाराष्ट्राच्या एकविसाव्या वाढदिवशी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला. त्याच दिवशी मराठवाड्यातही एक नवा जिल्हा झाला, तो कोणता आणि तारीख काय?" महाराष्ट्र १ मे १९६० चा, त्यात २१ मिळवले की १ मे १९८१. मराठवाड्यातले जिल्हे आठवत गेलं की जालन्यावर येता येतं. ज्याला पाठ नाही तोही डोकं लावून पोचतो. टीममध्ये कुजबुज सुरू होते, एक जण म्हणतो लातूर, दुसरी म्हणते लातूर नाही ते नंतरचं, आणि त्या अर्ध्या मिनिटासाठीच तर क्विझ असते.

आणि कृपा करून प्रश्न तपासून घ्या. 'क्विझ' हा शब्द डब्लिनच्या एका नाटकवाल्याने १७९१ मध्ये पैज लावून एका रात्रीत भिंतीभिंतींवर लिहून रूढ केला, ही गोष्ट जवळपास प्रत्येक क्विझमध्ये विचारली जाते. गोष्ट झकास आहे. पण हा शब्द 'विक्षिप्त माणूस' या अर्थाने त्याच्या आधीच, १७८० च्या दशकात, लिहिलेला सापडतो. म्हणजे पैज झाली असली तरी शब्द तिच्यातून जन्मला नाही. त्यापेक्षा आपला 'प्रश्नमंजूषा' शब्द सरळ आहे. मंजूषा म्हणजे पेटी.

आमच्या मजल्यावर आम्ही ठरवलेली पद्धत अशी. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी नाश्त्यानंतर रीडिंग रूममध्ये लेखी चाळणी, पंचवीस प्रश्न. प्रत्येक प्रश्न कागदावर मराठीत आणि इंग्रजीत शेजारी-शेजारी छापलेला, उत्तर कोणत्याही भाषेत चालेल, स्पेलिंगचे मार्क कापायचे नाहीत. पाच प्रश्न जिल्ह्यावर, पाच शेती आणि कारखान्यांवर, बाकीचे जगभरचे. नंतर सहा टीम पाडून फिरता प्रश्न, बारा प्रश्न डावीकडून, बारा उजवीकडून. प्रश्न काढणारी व्यक्ती दरवेळी वेगळी, आणि तिने प्रत्येक उत्तर दोन ठिकाणी ताडून आणायचं, त्यातलं एक ठिकाण लायब्ररीतलं पुस्तक. उत्तरावर हरकत असेल तर तो प्रश्न संपायच्या आतच घ्यायची, नंतर मेसमध्ये नाही. टाय झाला तर एकच अंदाजाचा प्रश्न, आकडा ज्याचा जवळ तो जिंकला. गेल्या वेळचा होता : जालना जिल्ह्यातल्या आठही तालुक्यांची नावं मराठीत लिहिली तर काना, मात्रा, वेलांट्या सोडून एकूण अक्षरं किती? बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, परतूर, मंठा, घनसावंगी आणि जालना. जोडाक्षर एकही नाही, मोजून बघा.